सुई कोणाच्या हातीं?



वाशीम जिल्ह्यांतील रिसोड तालुक्यांत रिठद नांवाचें गांव आहे. अशा वऱ्हाडी गांवांतील आजीबाईंच्या हनुवटीवर हिरवट ठिपके, मनगटावर तुळस किंवा विंचू गोंदलेला आपण पाहिला असेल. रूप खुलावें म्हणून कातडीखालीं कांहीं टोंचून घालण्याची आपल्याकडील ही जुनी रीत. दोन-तीन सुया एकत्र बांधाव्या, काजळीच्या रंगांत बुडवाव्या, मुलीचें लक्ष गाण्यांत गुंतवावें आणि काम उरकावें. मोबदला पसाभर धान्य. सुजलेला हात हळदीवर बरा होई. न झाल्यास नशिबाला बोल. गोंदणारणीकडे परवाना मात्र कोणीं मागितला नाहीं.

सरकारची नजर सुईकडे वळली ती रूपामुळें नव्हे, देवीच्या सांथीमुळें. १८०२ च्या जूनमध्यें मुंबईंत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तनदेवीची लस टोंचली आणि ती लागू पडली. हिंदुस्थानांतील तें पहिलें यश. परंतु माणसाच्याच फोडांतील द्रव्य टोंचणारे जुने टीकेदार बंगालसारख्या प्रांतांत होतेच. १८८० च्या लसटोंचणीच्या कायद्यानें त्यांच्या पद्धतीस मनाई केली, आणि टोंचणारा म्हणजे सरकारनें नेमलेला अथवा सरकारची परवानगी असलेला मनुष्य, असें ठरविलें. सुई कोणीं धरावी हें कायद्यानें सांगितल्याचें हें एक आरंभींचें उदाहरण होय. मात्र तो कायदा नगरपालिका व लष्करी छावण्या यांच्यापुरता. खेडें त्याच्या कक्षेबाहेर. शिवाय वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहापासून इंग्रजांच्या कारभारांत असला तरी नांवानें निजामाचाच मुलूख, त्यामुळें ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथें आपोआप चालत नसत. (योगायोग असा कीं, त्याच १८५३ सालीं एडिंबरोचे वुड आणि फ्रान्सचे प्राव्हाझ यांनीं पोकळ सुईची पिचकारी वापरांत आणली.)

हात चुकला तर काय होतें, हें १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल येथें दिसलें. मुंबईच्या प्रयोगशाळेंतून गेलेली प्लेगची लस टोंचून घेतलेल्यांपैकीं १९ जण धनुर्वातानें मेले. दोष आला हाफकिन यांच्यावर, आणि त्यांना कामावरून दूर करण्यांत आलें. पुढें उघड झालें तें असें: बाटली उघडतांना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करतांच तो पुन्हां वापरला गेला होता. हाफकिन निर्दोष ठरेपर्यंत १९०७ साल उजाडलें. लस निर्मळ होती. घात केला एका चिमट्यानें.

मुंबई इलाख्यांत १९१२ सालीं वैद्यक नोंदणीचा कायदा झाला. वऱ्हाड १९०३ मध्यें मध्यप्रांताला जोडला गेला होता. त्या प्रांताचा कायदा १९१६ चा. या कायद्यांनीं नोंद नसलेल्यांस वैद्यकी बंद केली, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसें मुळींच नव्हतें. नोंदलेल्या डॉक्टरचा दाखला ग्राह्य आणि सरकारी जागा त्याला, एवढाच काय तो लाभ. ज्या रोग्याला दाखल्याची गरज नाहीं, त्याला कोणींही टोंचावें! मनाईचें पाऊल मुंबई सरकारनें १९३८ च्या कायद्यानें टाकलें आणि त्याच कायद्यानें वैद्य-हकिमांचीही नोंद सुरू केली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ च्या अधिनियमानें वऱ्हाडासह सर्व राज्याला एकच नियम लागला. त्याच्या ३३ व्या कलमाप्रमाणें नोंद नसतां वैद्यकी करणें हा गुन्हा आहे.

आतां पुन्हां रूपाकडे येऊं. १८९९ च्या सुमारास व्हिएन्नाच्या गेर्सुनी यांनीं पॅराफिन टोंचून शरीरांतील उणीव भरून काढण्याचा उपाय सुरू केला. बसकीं नाकें उंच झालीं, खोल गेलेले गाल भरले. आणि कांहीं वर्षांनीं त्याच जागीं गाठी व जखमा उमटल्या. २००२ मध्यें अमेरिकेंत भुंवयांमधील आठ्यांसाठीं बोटुलिनम विषाच्या अल्प मात्रेस मान्यता मिळाली. येथें गोंदणारणीची सुई आणि डॉक्टरची सुई एकच झाली. गिऱ्हाइकाला ती शृंगार वाटते. कायद्याच्या दृष्टीनें तें औषध आहे, आणि औषध टोंचणें ही वैद्यकी. माझ्या मतें सारा घोटाळा या एका गैरसमजांतून होतो.

नोंद असली म्हणजे झालें, असेंही नाहीं. पूनम वर्मा खटल्यांत १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें होमिओपॅथीची नोंद असतां आधुनिक औषधें देणाऱ्यास निष्काळजीपणाबद्दल दोषी धरलें. रोगी दगावला होता. उलट महाराष्ट्रानें १९९२ मध्यें कांहीं आयुर्वेदीय पदवीधरांना आधुनिक औषधें वापरण्याची मुभा दिली आहे. सामान्य गृहिणीनें यांतून वाट काढावी तरी कशी? डॉक्टरनें आपला नोंदणी-क्रमांक दवाखान्यांत लावावा आणि औषधाच्या चिठ्ठीवर व पावतीवर लिहावा, असा २००२ च्या आचारनियमांत दंडक आहे. विचारावयाचें तें एवढेंच. पांच-सहा दिवसांच्या सौंदर्यवर्गाचें प्रमाणपत्र कितीही सोनेरी चौकटींत बसविलें तरी त्यावर तो क्रमांक येत नाहीं. गोंदणारणीपाशींही तो नव्हता. पण तिच्या पिशवींत काजळी आणि झाडपाल्याचा रस यांपलीकडे कांहीं नसे.