मित्राला विकलेली शस्त्रे

वाचकहो, आजचा मित्र उद्या शत्रू होऊ शकतो, हे सरकारांना ठाऊक नसते काय? मग ती त्याला शस्त्रे का विकतात? इराणचे उदाहरण पाहा.

१९७१ साली ब्रिटिश फौजा इराणच्या आखातातून निघून गेल्या. व्हिएतनाममध्ये पोळलेल्या अमेरिकेला तेथे स्वतःचे सैन्य ठेवावयाचे नव्हते. तिला पहारेकरी हवा होता. मे १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन तेहरानला गेले आणि अण्वस्त्रे सोडून शहांना हवी ती शस्त्रे देण्याचे त्यांनी मान्य केले. पुढे १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव सुमारे चौपट झाले. शहांच्या हाती पैसा आला; अमेरिकी कारखान्यांना गिऱ्हाईक हवेच होते. एफ-१४ जातीची ८० लढाऊ विमाने मागविली गेली, पैकी ७९ पोहोचली. सुटे भाग आपल्याच हाती, तेव्हा घेणारा मुठीत राहील, असाही हिशेब होता.

१९७९ मध्ये क्रांती झाली. शहा परागंदा झाले, अमेरिकी वकिलातीतील माणसे ओलीस धरली गेली, सुटे भाग बंद झाले. तरीही इराणी तंत्रज्ञांनी तीच विमाने १९८०-८८ च्या इराकविरुद्धच्या युद्धात उडविली. गंमत अशी, की १९८५-८६ मध्ये अमेरिकेनेच इराणला गुपचूप क्षेपणास्त्रे विकली! आणि २००६ मध्ये आपली एफ-१४ विमाने निवृत्त केल्यावर, सुटे भाग इराणला मिळू नयेत म्हणून तिने त्यांतील अनेक मोडून टाकली.

तात्पर्य, विकणारा आजची गरज पाहतो, उद्याचा दिवस नव्हे. घेणाऱ्यानेही ध्यानात ठेवावे : विमान विकत मिळते, ते चालते ठेवण्याची विद्या मात्र शिकूनच मिळवावी लागते.