मागच्या रांगेतला बास क्लॅरिनेट

जॅझमध्ये एकाच वादकानं दोन-तीन वाद्यं हाताळण्याची प्रथा पडली ती गरजेपोटी. अमेरिकेतल्या नृत्यगृहांच्या बँडमध्ये सॅक्सोफोनवाल्याला क्लॅरिनेटही यायला हवा, जमल्यास फ्लूटही, अशी अपेक्षा असे. माणसं तेवढीच, नाद मात्र नाना तऱ्हेचे. पुढे वादकांच्या संघटनेनं जादा वाद्याचा जादा मोबदलाही ठरवला. ड्यूक एलिंग्टनच्या ताफ्यात हॅरी कार्नी बॅरिटोन सॅक्सोफोन खाली ठेवून अधूनमधून बास क्लॅरिनेट उचली, पण बहुधा रंग भरण्यापुरताच. सिडनी बेशेनं 1941 मध्ये एका मुद्रणावर दुसरं चढवत सहा वाद्यं एकट्यानं वाजवली. लोक चकित झाले, पण त्या वाटेनं लगेच कुणी गेलं नाही.

या जुन्या सोयीचं सोनं केलं एरिक डॉल्फीनं. 1928 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेला हा मुलगा आधी क्लॅरिनेट शिकला, मग आल्टो सॅक्सोफोन. घरी सराव करताना बाहेरचे पक्षी आपल्याबरोबर शीळ घालतात, हे त्याच्या लक्षात आलं. त्यांचे स्वरांमधल्या फटीत बसणारे आवाज त्यानं फ्लूटवर आणले. 1958 मध्ये तो चिको हॅमिल्टनच्या पंचकात आला. त्यात चेलो होता, त्यामुळे एकूण नाद नाजूक, आणि वाद्यं बदलत राहणं हे डॉल्फीचं कामच होतं. 1960 च्या ‘आउटवर्ड बाउंड’ या स्वतःच्या पहिल्या रेकॉर्डवर त्यानं आल्टो, फ्लूट आणि बास क्लॅरिनेट ही तिन्ही वाद्यं वाजवली.

मला त्यातला बास क्लॅरिनेट सर्वांत मोलाचा वाटतो. 1961 मध्ये कोपनहेगनला त्यानं बिली हॉलिडेचं ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ साथीविना, एकट्यानं वाजवलं. अगदी तळातून स्वरांच्या लाटा उठतात, मध्येच सूर चिरकून टिपेला जातो आणि पुन्हा खर्जात कोसळतो. गाण्याची मूळ चाल क्वचितच डोकावते, तरी तिची व्यथा एक क्षणही सुटत नाही. बँडच्या मागच्या रांगेतल्या या वाद्यात एवढं मोठं दुःख मावतं, हे तोवर जॅझमध्ये कुणी असं दाखवलं नव्हतं.

29 जून 1964 रोजी बर्लिनमध्ये मधुमेहानं त्याचा अंत झाला, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. त्याचा बास क्लॅरिनेट आणि फ्लूट घरच्यांनी त्याचा मित्र जॉन कोल्ट्रेनला दिले. कोल्ट्रेननं 1966 मध्ये ‘रेव्हरंड किंग’ या रचनेसाठी बास क्लॅरिनेट हाती घेतला. 1969 मध्ये माइल्स डेव्हिसनं ‘बिचेस ब्रू’ या रेकॉर्डसाठी बेनी मॉपिनला बोलावलं, ते केवळ बास क्लॅरिनेट वाजवायला.