पेशीतले सेलेनियम : एक कुळकथा

सेलेनियम हे गंधकाच्या कुळातले मूलद्रव्य. स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांना ते 1817 साली गंधकाम्लाच्या कारखान्यातल्या गाळात सापडले. पुढे दीर्घकाळ त्याची ओळख विष म्हणूनच राहिली. अमेरिकेच्या साउथ डकोटा भागात गुरांचे केस झडत, खूर गळून पडत. चाऱ्यातले सेलेनियम त्याच्या मुळाशी असल्याचे 1930 च्या दशकात उघड झाले.

1957 साली क्लाउस श्वार्ट्झ आणि कॅल्विन फोल्ट्झ यांनी या समजाला कलाटणी दिली. ठरावीक खाद्यावर वाढवलेल्या उंदरांचे यकृत निकामी होत असे. अत्यल्प सेलेनियम देताच ते वाचू लागले. म्हणजे हे विष जगण्यासाठीही लागत होते.

कशासाठी, याचे पहिले उत्तर 1973 साली मिळाले. प्राणवायू वापरताना पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. थोडे असेल तर ते निरोप्याचे काम करते. इन्शुलिनसारखे संप्रेरक पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटले की आत पेरॉक्साइडचे प्रमाण क्षणभर वाढते आणि ठरावीक प्रथिने कामाला लागतात. तेच अति झाले तर पेशीचे आवरण आणि डीएनए यांना इजा होते. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे विकर त्याचे पाणी करून टाकते, आणि त्या विकराच्या गाभ्यात सेलेनियम असते.

ते तिथे कसे बसते, हे 1986 पासून उलगडत गेले. जनुकीय लिपीत ‘यूजीए’ ही अक्षरे आली की प्रथिनाची जुळणी थांबते. मात्र आरएनएला विशिष्ट वळण असेल तर पेशी तिथे न थांबता सेलेनोसिस्टीन हे एकविसावे अमिनो आम्ल जोडते. 1990 च्या सुमारास आणखी एक काम कळले. थायरॉइडच्या संप्रेरकातला आयोडीनचा एक अणू काढून त्याला कार्यक्षम करणारे विकरही सेलेनियमयुक्तच असते. त्यानंतरच ते संप्रेरक केंद्रकात शिरून जनुके चालू-बंद करते.

प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे 55 मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते. 400 च्या वर धोका सुरू होतो, आणि केस गळणे ही त्याची एक खूण. केसाच्या मुळाशी पॅपिला नावाच्या भागातून संदेश येतात, तशा भोवतालच्या पेशी भराभर विभागतात आणि केराटिनने भरून केस घडवतात. केराटिनचे धागे गंधकाच्या बंधांनी जखडलेले असतात. अतिरिक्त सेलेनियम गंधकाची जागा घेते, बंध सैल होतात आणि केस गळतात, असे मानले जाते.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न डिसेंबर 2024 च्या अखेरीस आणि जानेवारी 2025 मध्ये पुढे आला. शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत आधी डोक्याला खाज सुटे, मग केस मुठीने हातात येत, आणि काही दिवसांत टक्कल पडे. हा खारपाणपट्टा असल्याने पहिला संशय पाण्यावर गेला. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम वाढलेले, तर जस्त कमी आढळले. त्यांनी पंजाबातून आलेल्या रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याच्या काही जमिनींत सेलेनियम भरपूर आहे आणि ते पिकात उतरते. काही महिन्यांनी शेगावच्या याच भागात नखे गळण्याच्याही तक्रारी आल्या.

अनेकांचे केस पुन्हा उगवले. केस गळाला तरी मुळातल्या पेशी जिवंत असतील, तर सेलेनियमचे प्रमाण उतरल्यावर पॅपिलाचे संदेश त्यांना पुन्हा विभागायला लावतात आणि नवा केस वाढू लागतो.