सांगड: दोन भोपळ्यांची कुळकथा

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावाच्या उत्तरेला तापी, तापीपलीकडे रावेर-सावद्याच्या केळीच्या बागा आणि त्यांच्या मागे सातपुडा. या भागातला तापीचा पूर फसवा असतो. पाऊस पडतो बैतूलच्या डोंगरात आणि मेळघाटात. गाविलगडच्या रांगेचं पाणी पूर्णेतून येतं, चांगदेवला तापीला मिळतं आणि पुढे निघतं. वरणगावात ऊन पडलेलं असतं आणि नदी मात्र चढत असते. त्यात तापीचे काठ उभे, पिवळ्या मातीचे, घळींनी चिरलेले. पाण्यात पडलेल्या माणसाला वाटेल तिथे बाहेर येता येत नाही. धरायला गेलं तर माती हातात सुटून येते. उताराची जागा सापडेपर्यंत त्याला वाहत जावं लागतं. अशा नदीत नुसतं पोहता येणं पुरत नाही, दम टिकावा लागतो. तो टिकवण्यासाठी आपल्या लोकांनी जे साधन केलं, ते म्हणजे सांगड.

सांगड म्हणजे मुळात जोडणी. दोन होड्या एकमेकींना बांधल्या की सांगड, ओंडके बांधले की सांगड, आणि दोन वाळके भोपळे दोरीनं जोडले तरी सांगडच. भोपळ्यांची सांगड गरिबाची. तिला सुतार लागत नाही, नावाडी लागत नाही. कडू भोपळा वेलावरच पूर्ण वाळू द्यायचा. आतल्या बिया खुळखुळायला लागल्या की देठासकट काढायचा. देठ मोडायचा नाही आणि भोक तर मुळीच पाडायचं नाही. पाण्याचा तुंबा करायचा असेल तर तोंड कापून बिया काढतात, तरंगायचा भोपळा मात्र जन्मभर बंदच राहतो. कडूच का? त्याला कीड कमी लागते आणि साल जाड असते. एकटा भोपळा हाताखालून गरकन फिरतो आणि निसटतो. दोन बांधले की एक दुसऱ्याला फिरू देत नाही आणि मधल्या दोरीवर छाती टेकता येते. या साधनातली सगळी अक्कल या जोडीत आहे.

हे साधन किती जुनं? शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी मायेची नदी रंगवली. ती ओलांडायला निघालेल्यांची मोठी रांगच तिथे आहे. कोणी आपल्या बाहूंच्या भरवशावर उडी घेतो, कोणी दुसऱ्याच्या कासेला लागतो. कोणी तिन्ही वेदांच्या सांगडी घेतो, पण सोबत अहंकाराचे धोंडेही घेतो आणि गर्वाच्या माशाच्या तोंडी जातो. अध्यात्म बाजूला ठेवून नुसती नदी पाहिली, तरी हा उतारा म्हणजे तेराव्या शतकातल्या नदी ओलांडण्याच्या रीतींची जंत्री आहे. पट्टीच्या पोहणाऱ्याचं कासोट्याचं वस्त्र धरून नवखा पलीकडे जायचा. आपण आज ज्याची त्याची ‘कास धरतो’ ती इथलीच. ऐकणाऱ्याला सांगड म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज ज्ञानेश्वरांना वाटली नाही, एवढी ती रोजच्या पाहण्यातली होती. त्यांची बहीण मुक्ताबाई याच तापीकाठी, मेहूणला, विजेच्या लोळात अंतर्धान पावली असं परंपरा सांगते. ते ठिकाण वरणगावापासून फार लांब नाही.

ज्ञानेश्वरांच्या कितीतरी आधी कौटिल्य आहे. अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात सैन्यानं नदी कशी उतरावी याची यादी येते: हत्ती, पूल, नावा, लाकूड-बांबूचे संघात, भोपळे, कातड्यानं मढवलेल्या टोपल्या, फुगवलेली कातडी. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो चौथ्या अधिकरणातला पुराचा नियम. पावसाळ्यात नदीकाठच्या गावांनी पूररेषा सोडून राहावं. लाकडं, बांबू, नावा आधीच जमवून ठेवाव्यात. कोणी वाहून जाताना दिसला तर भोपळे, फुगवलेली कातडी, तराफे घेऊन त्याला बाहेर काढावं. जो मदतीला धावणार नाही त्याला बारा पण (तेव्हाचं नाणं) दंड. आणि लगेच सूट: ज्याच्याकडे तरंगायचं साधन नाही, त्याला दंड नाही.

या सुटीत फार मोठं शहाणपण आहे. बुडणाऱ्याला वाचवायला रिकाम्या हातानं उडी मारणारा बहुतेक वेळा स्वतःही बुडतो, कारण बुडणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो. दरवर्षी आपण वाचतो, भावाला वाचवायला भाऊ गेला आणि दोघेही गेले. जीव वाचवणं हे कर्तव्य आणि त्यासाठी साधन जवळ असणं ही त्याची अट, हे दोन्ही त्या नियमात एकत्र बांधलेलं आहे.

कौटिल्याच्या नदी उतरायच्या यादीतला ‘संघात’ म्हणजे बांधून केलेला तराफा. आपली सांगड याच घराण्यातली. या शब्दानं जो प्रवास केला तो एखाद्या खलाशाला शोभेल. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ हे समुद्रमार्गांचं टिपण लिहिलं. त्यात भारताच्या पूर्व किनाऱ्यावर ओंडके जोडून केलेल्या मोठ्या गलबतांना ‘संगारा’ म्हणतात अशी नोंद आहे. मलयाळममध्ये तोच शब्द ‘चंगाडम्’. तो पोर्तुगीजांनी उचलला आणि ‘जंगाडा’ केला. आशियातल्या भाषांतून पोर्तुगीजमध्ये गेलेल्या अशा शब्दांचा मोठा कोश रचणारे सेबास्तियाँव रोदोल्फो दालगादो हे गोव्याचे, कोकणीचे अभ्यासक.

पोर्तुगीज जंगाडा घेऊन ब्राझीलला पोचले. तिथले किनाऱ्यावरचे मच्छीमार ओंडक्यांचे तराफे आधीपासूनच वापरत होते, त्यांना हे नाव चिकटलं. १९४१ साली फोर्तालेझाच्या चार कोळ्यांनी तसल्याच एका शिडाच्या तराफ्यावरून रिओ दि जानेरो गाठलं. ६१ दिवस, होकायंत्राशिवाय. मच्छीमारांनाही कामगारांसारखे हक्क मिळावेत ही मागणी त्यांना राष्ट्राध्यक्षांपुढे मांडायची होती, आणि त्यांनी ती मांडली. पुढच्या वर्षी ऑर्सन वेल्स त्यांच्यावर चित्रपट करत असताना त्यांचा म्होरक्या जाकारे समुद्रात बुडाला. आपल्या सांगडीच्या गोतावळ्यातल्या साधनावर माणसानं केलेला याहून धाडसी प्रवास मला ठाऊक नाही.

भोपळ्याचं स्वतःचं कूळही असंच दर्यावर्दी आहे. दुधी, तुंबा, तंबोऱ्याचा भोपळा ही सगळी एकाच जातीची रूपं. ही वेल मूळची आफ्रिकेची. माणसानं लावलेल्या सगळ्यात जुन्या वनस्पतींपैकी ही एक, आणि अमेरिकेत तिच्या खुणा सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या मिळतात. तिथे ती कशी गेली यावर बराच वाद झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाचा निष्कर्ष असा, की रानटी भोपळे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अटलांटिकमध्ये तरंगत पलीकडे लागले. खाऱ्या पाण्यात सात महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या भोपळ्यातल्या बियाही रुजतात, हे त्याआधीच प्रयोगानं दाखवलं गेलं होतं. माणसाला तारण्याआधी भोपळ्यानं स्वतःची बी महासागरापार तारून नेली होती. आपल्याकडच्या गोष्टीतली म्हातारी वाघ-लांडग्यांच्या रानातून भोपळ्यात बसून सुखरूप घरी जाते. ती गोष्ट रचणाऱ्यानं जीव वाचवायला नेमकं हेच फळ निवडलं, याचा मला फार आनंद वाटतो.

जिथे भोपळा नाही तिथे लोकांनी कातडं फुगवलं. प्राचीन असीरियातल्या निमरूदच्या राजवाड्यातल्या इसवी सनापूर्वी नवव्या शतकातल्या शिल्पपटांवर बकऱ्याच्या फुगवलेल्या कातड्यांवर पोटावर पडून नदी ओलांडणारी माणसं कोरलेली आहेत. १५३९ मध्ये चौसाच्या लढाईत शेरखानाकडून हरलेला हुमायून गंगेत पडला, तेव्हा निजाम नावाच्या भिश्त्यानं त्याला आपल्या पखालीच्या आधारानं पैलतीराला नेलं. त्याची परतफेड म्हणून बादशहानं त्याला काही काळ तख्तावर बसवलं.

आता हिशेब पाहू. माणसाच्या शरीराची घनता जवळजवळ पाण्याइतकीच असते. त्यामुळे सगळा देह उचलायची गरज नसते. नाक-तोंड पाण्यावर राहावं एवढाच आधार हवा, आणि त्याला थोडे किलो पुरतात. सहा लिटर जागा व्यापणारा आणि अर्धा किलो वजनाचा वाळका भोपळा पूर्ण बुडवला, तर तो साडेपाच किलोची उचल देतो. दोन भोपळ्यांचे अकरा किलो झाले. शांत पाण्यासाठीच्या आजच्या प्रमाणित जीवरक्षक जाकिटाची उचल १०० न्यूटन, म्हणजे सुमारे दहा किलो असते. प्रयोगशाळेनं काढलेला आकडा आणि नदीकाठच्या माणसाच्या हाताला कळलेलं माप इतकं जवळ आहे.

दोघांतला फरकही सांगायला हवा. जाकिटातला भराव छातीवर आणि मानेभोवती असतो, त्यामुळे शुद्ध हरपलेल्या माणसाचंही तोंड आकाशाकडे वळतं. सांगडीला हे जमत नाही. ती धरणारा शुद्धीवर हवा. ती पाठीला किंवा कमरेला बांधली तर उलट तोंड पाण्याकडे झुकतं. विहिरीत पोरांना पोहायला शिकवताना पाठीला पांगाऱ्याचा ओंडका किंवा भोपळा बांधतात ते चालतं, कारण काठावर मोठं माणूस लक्ष ठेवून उभं असतं. पुरात मात्र सांगड छातीपुढेच हवी. वाहत्या झाडाचा तडाखा बसला की भोपळा फुटतो, आणि फुटला की पाणी भरून तो कामातून जातो. ही तिची दुसरी उणीव.

ही उणीव भरून काढायचे प्रयत्न पुढे झाले. इंग्लंडच्या जीवरक्षक नौकांसाठी कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये बुचाचं जाकीट केलं. एकच मोठी पोकळी ठेवण्याऐवजी हजारो बारीक पोकळ्या, म्हणजे एक फुटली तरी बाकीच्या तारतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बुचाची जागा कपोकनं घेतली. कपोक म्हणजे सावरीच्या कुळातल्या एका झाडाचा कापूस. सातपुड्यात फाल्गुनाच्या आसपास जी काटेसावर लाल फुलते तिचा कापूसही याच गुणाचा, आणि व्यापारात त्याला भारतीय कपोक म्हणत. त्याचे तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट, त्यामुळे तो लवकर भिजत नाही. दाबला गेला किंवा तेलानं माखला की त्याची उचल मात्र घटते. म्हणून पुढे कृत्रिम फोम आला, जो आज वापरतात.

आता परत आपल्या तापीकडे. तिच्यावरचं हतनूरचं धरण १९८२ साली पुरं झालं. आता पावसाळ्यात तापीची बातमी येते ती त्याच्या ४१ दरवाज्यांपैकी किती उघडले याची. नदीकाठच्या गावांना इशारा मिळतो, गुरं वर न्यायची, काठाला जायचं नाही. इशारा उत्तमच. पण कौटिल्याच्या नियमाचा दुसरा भाग, म्हणजे साधन आधीच जमवून ठेवणं, आपल्याकडून सुटला आहे असं मला वाटतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान गावोगावी जी प्रात्यक्षिकं देतात त्यात तोच भाग आहे: झाकण घट्ट लावलेले रिकामे प्लास्टिकचे कॅन, पाण्याच्या बाटल्यांची माळ, थर्माकोल, नारळ, केळीचे खांब. दहा लिटरचे दोन कॅन हातभर दोरीनं जोडले की सांगड तयार. देठाची जागा झाकणानं घेतली, एवढाच बदल.

केळीच्या खांबाबद्दल या भागात तर जास्तच बोलायला हवं. त्याच्या सोपटांत हवेचे कप्पे असतात म्हणून तो तरतो. आसामात पूर आला की लोक केळीचे खांब बांबूच्या शिगांनी एकत्र टोचून ‘भूर’ करतात आणि त्यावरून म्हातारी माणसं, पोरं, शेळ्या नेतात. रावेर, सावदा, यावल या पट्ट्यात घड काढल्यावर उरलेले खांब शेताच्या बांधावर ढिगानं पडलेले असतात. जुलै ते सप्टेंबर त्यातले दहा-बारा ताजे खांब, चार धारदार बांबू आणि सुंभाचं एक भेंडोळं प्रत्येक काठच्या गावानं चावडीमागे ठेवायला पैसा लागत नाही. खांब आठ-पंधरा दिवसांनी बदलावे लागतात, कारण ते कुजतात आणि मग जड होतात.