मिसळ आणि मिसल

संस्कृत ‘मिश्र’ प्राकृतात ‘मिस्स’ झाला आणि त्याच कुळात मराठीचे ‘मिसळणे’, ‘सरमिसळ’ व न्याहारीची ‘मिसळ’ जन्मास आली. परंतु जुन्या दप्तरांत जी ‘मिसल’ भेटते, ती अरबी मुळाची, फारसीच्या वाटेने आलेली, आणि तिचा अर्थ एका प्रकरणाच्या कागदांची क्रमवार जुळणी, म्हणजे सरमिसळीच्या नेमका उलट! उच्चारसाम्यावरून शब्दांचे गोत्र ठरवू नये, ते यासाठीच. मिश्रणाचाच दुसरा शब्द ‘खिचडी’, तोही प्राचीन; चौदाव्या शतकात प्रवासी इब्न बतूताने मूग-तांदळाच्या या अन्नाची नोंद केली आहे.

१९७० साली स्थापन झालेल्या सिडको या नगरविकास महामंडळाने ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात जी नवी मुंबई वसविली, तिच्या लोकवस्तीला सहज खिचडी म्हटले जाते. मला मात्र, जिच्यात मटकी, रस्सा आणि फरसाण आपापली चव राखून असतात, ती मिसळच अधिक यथार्थ वाटते. मूळच्या आगरी-कोळी बोलींचा स्वाद त्या गर्दीत लोपता कामा नये. या गावांतील वाचकांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून असे मिश्रणवाचक शब्द आजच टिपून घ्यावेत.