नोंदीचा कायमचा पत्ता : भिलाईच्या परिसरातून

राज्यकारभारात नोंद करणे हे निम्मेच काम होय. तीच नोंद पन्नास-शंभर वर्षांनी, तिच्याशी काहीही संबंध नसलेल्या माणसाला नेमकी सापडणे हे उरलेले निम्मे. पहिल्या कामाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. दुसऱ्याचा फारसा नाही. वस्तुतः सामान्य माणसाचे हक्क या दुसऱ्या कामावरच अधिक अवलंबून असतात. आजोबांचे नाव सरकारदप्तरी आहे हे ठाऊक असून उपयोग नाही. ते कोणत्या गावाच्या, कोणत्या वर्षाच्या, कोणत्या क्रमांकाच्या नोंदीत आहे हे सांगता आले पाहिजे.

महाराष्ट्रातील वाचकांना याचे उत्तम उदाहरण घरचेच आहे. सातबाऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो. तो फेरफार नोंदीचा क्रमांक. हे नाव येथे कशामुळे आले, खरेदीने, वारसाने की वाटणीने, याचे उत्तर गाव नमुना सहामधील त्या क्रमांकाच्या नोंदीत मिळते. मालक बदलला तर जुन्या नावाला कंस करतात. म्हणजे नोंद रद्द झाली तरी तिच्याकडे जाणारी वाट बुजत नाही. मुंबई इलाख्यात १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने रुजलेली ही पद्धत जगातल्या कोणत्याही दप्तराने अभिमान बाळगावा अशी आहे.

छत्तीसगडचा इतिहास मात्र वेगळ्या वाटेने गेला. १७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूर नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथेच राहून कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये त्यांच्या निधनानंतर सुभेदारांचा अंमल आला. या काळात सरकारचा हिशेब गावाशी होता, शेताशी नव्हता. गावाचा गौंटिया ठरलेला वसूल भरी आणि रयतेत त्याची वाटणी करी. त्यातच येथे ‘लाखाबाटा’ नावाची रीत होती. चांगली-वाईट जमीन सर्वांच्या वाट्याला सारखी यावी म्हणून काही वर्षांनी गावातील शेतांची नव्याने वाटणी होत असे. न्यायाच्या दृष्टीने ही रीत टाकाऊ म्हणता येणार नाही. परंतु जेथे आज एकाकडे असलेले शेत काही वर्षांनी दुसऱ्याकडे जायचे, तेथे अमुक शेत आणि अमुक माणूस यांना जोडणारी कायमची नोंद निर्माण होण्याचे कारणच नव्हते.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्याच दशकात येथे पहिला मोठा बंदोबस्त झाला. मालगुजारांना मालकीहक्क मिळाले, शेतांना खसरा क्रमांक पडले आणि लाखाबाटा हळूहळू मागे पडला. शेताला आता मालकापासून स्वतंत्र अशी ओळख मिळाली. माणूस मरेल, जमीन विकली जाईल, पण क्रमांक राहील, हे या व्यवस्थेचे तत्त्व. शेताचे तुकडे झाले तरी मूळ आकडा ठेवून ११२/१, ११२/२ असे बटांकन करायचे. मुंबई इलाख्यातील पोटहिश्श्याचाच हा भाऊबंद.

मात्र या पद्धतीत एक फट होती. नव्या बंदोबस्तात नवे क्रमांक पडू शकत. आजचा खसरा क्रमांक आणि पणजोबांच्या काळचा क्रमांक एकच असेल याची खात्री नाही. महाराष्ट्रातही १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा हीच अडचण उभी राहिली. अशा वेळी सर्वांत मोलाचा कागद मालकीचा नसतो. जुना क्रमांक कोणत्या नव्या क्रमांकात गेला हे सांगणारा उतारा असतो. तो गहाळ झाला की दोन्ही बाजूंच्या नोंदी शाबूत असूनही त्यांच्यामधला पूल तुटतो.

दुसरी फट जिल्ह्यांच्या हद्दींची. दुर्ग जिल्हा १९०६ मध्ये रायपूर आणि बिलासपूर या जिल्ह्यांचे भाग घेऊन तयार झाला. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, मग भोपाळ राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात, आणि १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगडात. २०१२ मध्ये दुर्गमधून बालोद आणि बेमेतरा हे जिल्हे निघाले. गाव जागचे हलले नाही, त्याचा सरकारी पत्ता मात्र इतक्यांदा बदलला. केवळ आजचा जिल्हा सांगून जुना कागद मागणारा माणूस पुष्कळदा चुकीच्या अभिलेखागारात उभा असतो.

हे सारे केवळ जमिनीपुरते असते तर गोष्ट वेगळी होती. छत्तीसगडात जुन्या ‘मिसल बंदोबस्ता’ची नोंद जातप्रमाणपत्रासाठीही मोठा पुरावा ठरते, कारण तीत खातेदाराची जात लिहिलेली असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गासाठी २६ डिसेंबर १९८४ या तारखांपूर्वीचा येथील रहिवास दाखवावा लागतो. ज्या कुटुंबाकडे कधी जमीनच नव्हती त्याची अडचण तर आणखी मोठी. कारण शेताच्या दप्तरात शेत नसलेल्याला जागा नसते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा जुन्या मोडी कागदांतील एकेका ओळीला केवढे वजन असते हे साऱ्या राज्याने पाहिले.

भिलाईचे वैशिष्ट्य असे की येथे जुन्या पत्त्यावर नवा पत्ता चढला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, गावांच्या जमिनी संपादित झाल्या, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. शेतांच्या जागी सेक्टर, स्ट्रीट आणि क्वार्टर आले. क्वार्टरचा क्रमांक हा खसऱ्याचाच आधुनिक अवतार: राहणारे बदलतात, क्रमांक तोच. मात्र सेक्टरातील पत्त्यावरून त्याखालचा खसरा कळत नाही. रिसाली, सुपेला, खुर्सीपार ही नावे वस्त्यांच्या रूपाने टिकली म्हणून निदान गावाचा माग राहिला.

कारखान्याबरोबर विदर्भातून आणि उर्वरित महाराष्ट्रातून पुष्कळ मराठी कुटुंबे येथे आली. त्यांच्या तिसऱ्या पिढीची अवस्था अशी की राहण्याचा पुरावा क्वार्टरचा, तोही निवृत्तीबरोबर सुटलेला, आणि मुळाचा पुरावा भंडारा, नागपूर वा अमरावतीकडच्या एखाद्या गावात. गावाचे नाव घरात सर्वांना माहीत असते. जुना सर्व्हे नंबर आणि फेरफार क्रमांक सहसा कोणालाच नसतो. तो सांगू शकणारी पिढी आता थोडी उरली आहे.

२०२१ पासून केंद्र सरकारने प्रत्येक भूखंडाला अक्षांश-रेखांशांवर आधारलेला चौदा अक्षरी ‘भू-आधार’ क्रमांक देण्यास आरंभ केला. विचार योग्यच आहे. जमिनीची जागा हद्दींच्या फेरबदलाने हलत नाही. परंतु नव्या क्रमांकाला जुने सर्व क्रमांक जोडले गेले तरच त्याचा पुरा उपयोग. प्रत्येक सुधारणेने नवा क्रमांक द्यावा आणि जुन्याचा दुवा तोडावा, हा आपल्या कारभाराचा जुना दोष आहे, आणि संगणक तो आपोआप दूर करीत नाही. तोडण्याचे काम तो फक्त जलद करतो.

परमुलखी राहणाऱ्या वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते की, घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कागदाच्या एका कपाटावर पाच गोष्टी लिहून ठेवाव्यात: गाव, त्या काळचा तालुका व जिल्हा, नोंदीचे वर्ष, जुना सर्व्हे किंवा खसरा नंबर, आणि फेरफाराचा वा नामांतरणाचा क्रमांक. उताऱ्याची छायाप्रत फाटते, पुसट होते. पण या पाच गोष्टी हाती असल्या आणि मूळ दप्तर शाबूत असले, तर नक्कल पुन्हा काढता येते.