फळीवरची आगगाडी

आगगाडीचा इतिहास म्हटला कीं १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास निघालेली ती पहिली गाडी आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. आज मी ज्या आगगाडीविषयीं बोलणार आहें ती याहून फार लहान आहे. ती माझ्या बैठकीच्या खोलींत, पुस्तकांच्या कपाटावरील सहा फूट लांब व एक फूट रुंद अशा फळीवर धांवावयाची आहे. अद्यापि ती कागदावरच आहे. परंतु तिची आंखणी करतांना मला जो इतिहास वाचावा लागला, तो केवळ छांदिष्टांच्या उपयोगाचा नाहीं असें वाटल्यावरून तो आपणांस सांगण्याचें योजिलें आहे.

हिंदुस्थानांतील मुख्य लोहमार्गांसाठीं रुळांमधील अंतर साडेपांच फूट असावें असें ठरलें, तेव्हां राज्यकर्त्यांची दृष्टि बंदरें, लष्कर आणि मोठा व्यापार यांवर होती. रूळ जितके दूर, तितके पूल रुंद, भराव मोठे, वळणें लांब आणि खर्च अफाट. लहानसहान बाजारपेठांना असला लोहमार्ग परवडणें शक्यच नव्हतें. त्यांच्या गरजेंतून अरुंदमापी लोहमार्गाचा जन्म झाला. वेल्समधील फेस्टिनियॉग येथें दोन फुटांहून थोड्या कमी अंतराच्या रुळांवरून १८३६ पासून पाटीच्या दगडांची वाहतूक होत असे. तेथें १८६३ सालीं वाफेचीं इंजिनें आलीं आणि एवढ्या अरुंद रुळांवरही खरीखुरी रेल्वे चालते हें जगाला दिसलें. आपल्याकडे तर त्याच्याही आधीं, १८६२ सालीं, बडोद्याच्या गायकवाडांनीं डभोई व मियागाम यांच्या दरम्यान अडीच फुटी रूळ टाकले होते. त्यांवरून गाडी ओढीत असत ते बैल! इंजिनाची ऐपत नाहीं म्हणून रूळच नकोत, असें त्या दरबारानें म्हटलें नाहीं. जेवढें अंथरूण तेवढेच पाय पसरले, पण पसरले खरे.

याच तत्त्वाला शास्त्राचें रूप दिलें तें एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें. १८८२ सालीं तो जी. आय. पी. रेल्वेच्या नोकरींत येथें आला. सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी ही कापसाची व तेलबियांची नामांकित पेठ, परंतु जी. आय. पी. चा मुख्य मार्ग तिला एकवीस-बावीस मैलांवर टाकून कुर्डुवाडीवरून निघून गेला होता. तेवढें अंतर माल बैलगाड्यांतून जाई. कॅलथ्रॉपनें ही उणीव हेरली, कंपनी उभारली, आणि १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अंतर अडीच फूट. रूळ वाराला अवघे तीस पौंड वजनाचे.

एवढ्या हलक्या रुळांवरून जड माल न्यावा कसा? कॅलथ्रॉपचें उत्तर असें: इंजिन असो, उतारूंचा डबा असो कीं मालाची वाघीण असो, कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडतां कामा नये. जड वस्तु नेण्यास हरकत नाहीं. मात्र तिचा भार अधिक आंसांवर वांटून द्यावा. म्हणून लीड्स येथील किट्सन कंपनीनें त्याला सहा आंसांचीं इंजिनें करून दिलीं. वाघिणी दाबीव पोलादाच्या, एकाच पंचवीस फुटी सांगाड्यावर बांधलेल्या. रुळाला जो भार सोसतो तो पूर्णपणें वापरावयाचा, पण त्यापलीकडे तसूभरही जावयाचें नाहीं, अशी ही काटेकोर गृहस्थी होती. गंमत अशी कीं हा सरंजाम हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून, त्यांत मुद्दाम चढ आणि वळणें घालून, लोकांना चालवून दाखविण्यांत आला. म्हणजे बार्शीची आगगाडी प्रथम धांवली ती प्रदर्शनांतच!

पुढें ही वाट वाढत गेली. १९०६ सालीं ती पंढरपुरास, १९११ सालीं लातुरास आणि १९२७ सालीं मिरजेस पोंचली. १९५४ सालीं सरकारनें ती विकत घेतली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तिचे रूळ टप्प्याटप्प्यानें उखडून तेथें रुंदमापी मार्ग टाकण्यांत आले. प्रवाशांची सोय झाली यांत संशय नाहीं. परंतु ती जुनी धिमी गाडी आतां डोळ्यांनीं पाहावयाची तर पदार्थसंग्रहालय गांठावें, किंवा घरीं फळी ठोकावी.

आतां या फळीकडे वळूं. पहिला प्रश्न प्रमाणाचा. छोट्या आगगाड्यांच्या जगांत एकास सत्त्याऐशीं हें प्रमाण फार रूढ आहे. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्यास ८७ नें भागिलें तर पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारांत नऊ मिलिमीटर अंतराचे रूळ सहज मिळतात. हे रूळ मूळचे याहून लहान प्रमाणाच्या, प्रमाणभूत मापाच्या खेळगाड्यांसाठीं केलेले. त्यांचींच चाकें व यंत्रें घेऊन, वर मोठ्या प्रमाणाचे डबे चढवून, युरोपांतील हौशी मंडळींनीं अरुंदमापी गाड्या बनविल्या. आणि १९६३ सालीं जर्मनींतील एगर-बान या कंपनीनें अशा गाड्या तयार विकण्यास आरंभ केला. दुसऱ्यासाठीं केलेली वस्तु आपल्या बेतांत बसविण्याची ही युक्ति कॅलथ्रॉपला निःसंशय आवडली असती. माथेरानच्या गाडीचा मोह मलाही झाला होता. पण तिचें दोन फुटी अंतर याच प्रमाणांत सात मिलिमीटर होतें, आणि तेवढ्या मापाचे तयार रूळ मिळविणें कठीण.

दुसरा प्रश्न लांबीचा. कुर्डुवाडी ते बार्शी हें अंतर याच प्रमाणांत आणलें तरी तें चारशे मीटरांच्या आसपास भरतें. माझ्यापाशीं दोन मीटरही नाहींत. तेव्हां सबंध मार्ग नव्हे, एकच स्थानक घ्यावयाचें. आणि तेंही शेवटचें. कारण एक फूट रुंदीच्या फळीवर गाडीला वळून परत येण्याइतका गोल रूळ बसत नाहीं. गाडी एका टोंकानें यावी, इंजिन सुटून दुसऱ्या बाजूस जोडलें जावें, आणि गाडी आल्या वाटेनें परतावी.

मी हिशेब मांडला तो असा. पंचवीस फुटी वाघीण फळीवर नऊ सेंटिमीटरांची होते. इंजिन आणि चार वाघिणी मिळून अर्धा मीटर. म्हणून डावीकडे साठ सेंटिमीटरांचा पडद्यामागचा रूळ, जेथें गाडी ‘कुर्डुवाडीस गेली’ असें समजावयाचें. मग बारा सेंटिमीटरांचा एक सांधा. त्यापुढें पन्नास सेंटिमीटर दुहेरी रूळ. पुन्हां एक सांधा. आणि शेवटीं इंजिनास सुटून वळसा घेण्यापुरते वीस सेंटिमीटर. हे झाले एकशें चोपन्न. फळीची लांबी एकशें ब्याऐशीं. उरलेल्या अठ्ठावीस सेंटिमीटरांत व मागच्या कडेस वखारींचे रूळ. स्थानक बार्शीचें धरलें, काळ १८९७ नंतरचीं पहिलीं वर्षें. कारण लोहमार्ग लातूरकडे वाढण्यापूर्वीं बार्शी हेंच शेवटचें ठिकाण होतें. कापसाचे गठ्ठे, तेलबियांचीं पोतीं आणि वखारींचे तीन बाजूचे रूळ. एक वाघीण हव्या त्या वखारीशीं नेऊन लावावयाची तर चार वाघिणी मागेंपुढें कराव्या लागतील, असा खेळ साधला म्हणून मी स्वतःवर खूष होतों.

तो कागद माझ्या मामांनीं पाहिला. मामा लहानपणीं आपल्या आजीचें बोट धरून याच गाडीनें पंढरपुरास गेलेले. चष्मा कपाळावर सारून त्यांनीं बराच वेळ आंखणी न्याहाळली आणि विचारलें, “रूळ झकास आहेत रे. पण या गाडींत माणसं कुठं बसायचीं?”

मजजवळ उत्तर नव्हतें. उतारूंच्या डब्याला मीं जागाच ठेविली नव्हती. फलाट होता तो दोन बोटें रुंद. मालाचा हिशेब चोख झाला होता आणि माणूस सांडला होता. श्रोतेहो, ही चूक केवळ माझी नव्हे. मोठ्या रेल्वेनींही ती केली आहे. जत्रांच्या दिवसांत यात्रेकरूंना मालाच्या वाघिणींत भरून नेण्याची रीत हिंदुस्थानांत पुष्कळ ठिकाणीं होती, आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूंची ती जुनी तक्रार होती. रुळाला किती भार सोसतो याचें गणित ज्या काळजीनें झालें, ती काळजी माणसाच्या वांट्यास क्वचित् आली.

मीं रबर घेतलें. दोन वखारी पुसल्या. बार्शीचें नांव खोडून पंढरपूर लिहिलें आणि काळ १९०६ ते १९२७ असा धरला. मिरजेचा फांटा होण्यापूर्वीं या बाजूचें तेंच अखेरचें स्थानक होतें, त्यामुळें आंखणी मुळांतून बदलावी लागली नाहीं. पंढरपूरच्या स्थानकाची ही हुबेहूब प्रतिकृति नव्हे. फळीवर तेवढी जागा नाहीं. परंतु फलाट आतां सबंध गाडीएवढा लांब आहे, त्यामागें मोकळें मैदान आहे, आणि एका बाजूच्या रुळावर दार उघडी टाकलेली एक वाघीण उभी राहणार आहे. आषाढीचा दिवस आहे. या प्रमाणांत वारकरी पाऊण इंचाचा होतो, त्याची पताका जेमतेम इंचभर. अशी शंभर माणसें मला रंगवावयाचीं आहेत. रूळ दोन रविवारांत टाकून होतील. माणसांना वर्ष लागेल असा अंदाज आहे.

आपणांपैकीं कोणास असा छंद करावयाचा असेल तर माझें एवढेंच सांगणें: रूळ विकत आणण्याआधीं ठिकाण व साल ठरवा. तेवढें ठरलें कीं काय ठेवावें आणि काय टाकावें हें तें ठिकाणच सांगूं लागतें. जागा थोडी असली म्हणजे निवड करावीच लागते. आणि निवडींत काय गळालें हें घरांतील वडील माणसास एकदां विचारून घ्यावें.

परवां मामांना नवा कागद दाखविला. त्यांनीं फलाटाच्या टोंकाशीं पेन्सिलीनें एक टिंब काढलें. “हें काय?” असें मीं विचारलें, तेव्हां म्हणाले, “ही आजी. आणि तिच्या शेजारीं आणखी एक काढ, थोडं लहान.”